दाखला

पूर्वी ही खेळांच्या सामानाची खोली होती.
अजून कोपऱ्यात दोन स्टंप उभे आहेत,
तिसरा कुणी नेला माहीत नाही.
दारावरची पाटी गुजरातीत: मार्गदर्शन केंद्र.
तिच्याखाली खडूनं मी लिहिते, सबनीसबेन आहेत,
किंवा, जेवायला गेल्यात.

मुलं आत येतात ती
घरात कुणी आजारी असल्यासारखी हळू बोलत.
मी सांगते:
आवकेचा दाखला कोठीवर मिळेल, नऊच्या आत जा,
अकराला टोकन संपतात.
फोटोच्या पाठीवर नाव लिही, फोटो पडतात.
झेरॉक्सची आणखी एक झेरॉक्स काढून ठेव.
सही मराठीत केलीस तरी चालेल,
पण मग जन्मभर मराठीतच.

गणितालाही इथे दाखलाच म्हणतात.
पुण्याची माझी जाऊ हसते,
'अगं, दाखला काढतात, सोडवतात कुठे?'
आम्ही बडोद्याचे. आम्हाला दोन्ही करावं लागतं.

भार्गव माछीला सायन्स सोडायचं होतं.
अर्ज एका ओळीचा,
वडिलांच्या सहीला जागा दोन बोटं.
तिथवर पोचायला त्याला दोन महिने लागले,
आणि पोचला तेव्हा सही त्याचीच होती.
सहीतला भ मी त्याच्या वहीत पाहिलेला, पोट फुगलेला.
काही बोलले नाही. म्हटलं, शनिवारी बाबांना आण.
ते मकरपुऱ्याहून पाळी संपवून आले,
नळावर दोनदा हात धुतले,
तरी कागदावर अंगठ्याएवढा काळा डाग पडलाच.
'चित्रं काढून पोट भरतं का, बेन?'
माझ्या कपाटात सत्तावीस प्रकारचे फॉर्म आहेत.
याच्यासाठी एकही नव्हता.
त्यांनी सही मात्र केली.

मग तेजल राठवा.
कवांटकडची, होस्टेलला राहते,
ब्याऐंशी टक्के, नर्सिंगला जायचंय.
शाळेच्या रजिस्टरात ती तेजल,
आधारवर तेजलबेन.
शिष्यवृत्तीचा कॉम्प्युटर म्हणतो,
या दोन मुली आहेत.
'बेन कुणी लावलं, बेन?' तिनं विचारलं.
कुणी कारकुनानं लावलं असेल, मानानं.
'आई तर मला तेजलीच म्हणते.'

मी घरी वहिनी, माहेरी ठकी,
इथे एकवीस वर्षं बेन.
मला कधी कुणी शपथपत्र मागितलं नाही.

शेवटची तारीख उद्याची होती.
मधल्या सुट्टीत दोघी रिक्षानं सुरसागरला गेलो.
नोटरीकाका छत्रीखाली टाइप करत होते.
पन्नासचा स्टॅम्प,
मी शपथेवर लिहून देते की
तेजल व तेजलबेन या दोन्ही एकच व्यक्ती असून.
असून, नंतर बरंच काही.
'मुलीला ओळखतं कोण?'
मी ओळखते, म्हटलं, आणि पेन घेऊन
सवयीनं लिहिलं: सबनीसबेन.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं.
'आधारवर असेल तसं लिहा ना, बेन.'
कागद रद्द. दुसरा स्टॅम्प, आणखी पन्नास.
तेजलनं मेसच्या पैशांची पुरचुंडी सोडली,
मी तिचा हात दाबून धरला,
काका म्हणाले, लवकर ठरवा, मागे लाइन आहे.

ऋजुता विनायक सबनीस.
आपलंच नाव लिहिताना मला
बँकेत आल्यासारखं वाटलं.

रद्द कागद तेजलनं फेकला नाही.
चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला.
कशाला गं, विचारलं,
तर म्हणाली, असू दे,
मागची बाजू कोरी आहे.

परतलो तेव्हा दारावर तेच होतं,
जेवायला गेल्यात,
आणि बाकावर तिघं,
फायली मांडीवर धरून,
एकमेकांशीसुद्धा न बोलता.